धावती मुले आणि हातातला कॅमेरा

(बी. ए. भाग २)

धावणाऱ्या मुलांचे चित्रीकरण करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. लग्नात नवरा-नवरी जागच्या जागी असतात, आणि कॅमेरावाल्याने हात वर केला की भटजीदेखील अक्षता टाकायच्या क्षणभर थांबवितात. सत्काराचे पाहुणे तर हार गळ्यात पडला की आपणहून कॅमेऱ्याकडे पाहून उभे राहतात. मुले थांबत नाहीत. थांबली तर कॅमेऱ्यात तोंड घालून वेडेवाकडे चेहरे करतात, आणि मग जे चित्रित करावयाचे ते बाजूलाच राहते. म्हणून घरोघरीच्या चित्रफिती पाहा : बारसे स्वच्छ, साखरपुडा स्वच्छ, आणि अंगणात खेळणारी मुले म्हणजे नुसते पांढरे-निळे पट्टे इकडून तिकडे जाताना दिसतात.

असे का होते आणि त्यावर काय करता येते, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. मी कोणी तज्ज्ञ नव्हे. तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत सुट्टीच्या दिवशी मी अल्बमची पाने जुळविण्याचे काम करते. तेथील काकांकडे एक जुना मिनी-डीव्ही कॅमकॉर्डर कपाटात पडून होता. मोबाइल आणि नवे मोठे कॅमेरे आल्यापासून त्याला कोणी हात लावीत नव्हते. एका महिन्याच्या पगाराऐवजी मी तो मागून घेतला. काका हसले, पण त्यांनी चार्जर, दोन बॅटऱ्या आणि सात कोऱ्या टेप्सही दिल्या.

मागून घेण्याला कारण होते. दिग्रस तालुक्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींचा खो-खोचा संघ आहे. माझी धाकटी बहीण सातवीत आहे आणि तीन वर्षांपासून ती या संघात खेळते. आई-बाबा दसरा आटोपला की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. शाळेच्या क्रीडास्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत येतात. तीन वर्षे पोरगी खेळते आहे, आणि आईने तिला मैदानावर धावताना एकदाही पाहिलेले नाही. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच आहेत. पुढे तिला वसतिगृहात ठेवून शिकवायचे आणि खेळवायचे, की आई-बाबांबरोबर फडावर न्यायचे, हे या पाडव्याला ठरणार होते. बाबांचा एकच प्रश्न असे, “खेळून काय भेटते?” घरातला एकमेव स्मार्टफोन त्यांच्याबरोबर फडावर असतो, आजीकडे साधा फोन. तेव्हा जे दाखवायचे ते या जुन्या कॅमेऱ्यानेच.

असो. आता मूळ विषयाकडे वळते.

चलच्चित्र हे खरोखर हलत नाही, हे आपण सारे शाळेत शिकलो आहोत. स्थिर चित्रे एकामागून एक इतक्या वेगाने दाखविली जातात की डोळ्याला ती सलग वाटतात. १८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडून दौडणाऱ्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे सिद्ध केले. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत त्याची गणना होते. मला याचे मोठे नवल वाटते. सावेदादांना स्थिर काहीही चित्रित करता आले असते, पण त्यांनी निवडली कुस्ती! जे हलते तेच दाखवावे, ही ओढ या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी तर आपली मुलेच पडद्यावर आणली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. त्या काळचे कॅमेरे हाताने दांडा फिरवून चालत. सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रे घेतली जात. पुढे तीच फीत सेकंदाला चोवीस चित्रांच्या यंत्रावर चढविली की माणसे तुरुतुरु पळताना दिसू लागतात. जुन्या चित्रपटांतील लोक घाईत असल्यासारखे दिसतात त्याचे कारण हे. त्या काळची माणसे काही आपल्यापेक्षा चपळ नव्हती.

घरगुती वापराचे, टेप आतच असलेले कॅमेरे १९८३ पासून बाजारात येऊ लागले. सोनीचा त्या वर्षीचा ‘बीटामूव्ही’ नुसते चित्रण करी, त्यात ते पाहता येत नसे. १९८५ साली ‘हँडीकॅम’ आला, आणि हे नाव इतके रुळले की आमच्याकडे लग्नात कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला हँडीकॅमच म्हणत. १९९५ साली डिजिटल टेप आली. माझ्याकडचा कॅमेरा या शेवटच्या पिढीतला आहे. तो सेकंदाला २५ चित्रे घेतो, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत घेतो. चित्राच्या ५७६ ओळींपैकी आधी एकाआड एक अशा निम्म्या ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या निम्म्या. म्हणून अशा टेपवरील धावत्या मुलाचे चित्र मध्येच थांबवून पाहिले तर त्याच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. अर्धे मूल आधीच्या क्षणातले आणि अर्धे नंतरच्या. अशा फितीतून छापायला फोटो काढून मागणारी गिऱ्हाइके स्टुडिओत येतात, तेव्हा काका त्यांना समजावून थकतात.

आता थोडा हिशेब मांडू. दहा-बारा वर्षांची मुलगी जोरात धावली की सेकंदाला पाच मीटर सहज जाते. कॅमेऱ्याचा डोळा, म्हणजे शटर, एका वेळी सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात ती दहा सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. कॅमेऱ्यात पाच मीटर रुंदीचे मैदान दिसत असेल आणि ते आपण अर्धा मीटर रुंद टीव्हीवर पाहत असू, तर पडद्यावर ती एक सेंटिमीटर फासटली जाईल. चेहराच जेथे दोन सेंटिमीटरचा, तेथे एक सेंटिमीटर फासटल्यावर नाक-डोळे कोठून दिसणार? तेच शटर सेकंदाचा पाचशेवा भागच उघडे ठेवले, तर ती एकच सेंटिमीटर सरकते आणि पडद्यावर फासटणे एक मिलिमीटरवर येते. चेहरा ओळखू येतो.

मग शटर नेहमीच पाचशेवर का ठेवू नये? याला दोन कारणे आहेत. पहिले प्रकाशाचे. दहापट कमी वेळ डोळा उघडला की दहापट कमी उजेड आत येतो. आमच्या जिल्ह्यात हिवाळ्यातील दहा वाजताच्या उन्हात त्याने काही बिघडत नाही, पण संध्याकाळी पाचनंतर किंवा वर्गखोलीत चित्र काळवंडते आणि त्यावर मुंग्या धावल्यासारखे ठिपके दिसतात. त्यातून ट्यूबलाइट असेल तर आणखी एक गंमत होते. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. शटर पन्नासावर किंवा शंभरावर असेल तर प्रत्येक चित्रात पूर्ण ठोके सापडतात. दोनशेपन्नासावर किंवा पाचशेवर नेले की ठोक्याचा एखादा तुकडाच सापडतो, आणि उजेडाचा मेळ बिघडतो. अमेरिकेतून कोणी आणलेला कॅमेरा सेकंदाला साठ हप्त्यांचा असतो. तो आपल्या ट्यूबलाइटखाली लुकलुकतो, त्याचेही कारण हेच. घरात खेळणारी मुले टिपायची असतील तर त्यांना खिडकीजवळच्या किंवा पडवीतल्या उजेडात खेळू द्यावे, हे उत्तम.

दुसरे कारण डोळ्याला आवडण्याचे. प्रत्येक चित्र अगदी कोरीव झाले की धावणे सलग वाटत नाही, तुटक तुटक वाटते. थोडेसे फासटणे हेच वेगाची खूण असते. सिनेमावाले चोवीस चित्रांना साधारण अठ्ठेचाळिसावा भाग शटर ठेवतात ते यासाठीच. मी उन्हात दोनशेपन्नासाच्या आसपास ठेवते. खेळाडूचे पाऊल कोठे पडले हे पाहावयाचे असेल तरच पाचशे. ज्यांच्या कॅमेऱ्यात आकडे नसतात त्यांनी ‘स्पोर्ट्स’ लिहिलेली जागा शोधावी, तेथे कॅमेरा आपणहून शटर वेगवान करतो.

पावलाचा विषय निघाला म्हणून सांगते. धावणाऱ्या माणसाचे सारे शरीर एकाच वेगाने जात नाही. जे पाऊल जमिनीवर टेकलेले असते ते त्या क्षणी अगदी स्थिर असते, आणि जे मागून पुढे येत असते ते धडाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवला तर धड फासटते, पण टेकलेले पाऊल स्पष्ट येते. कॅमेरा मुलीबरोबर फिरवला तर चेहरा व धड स्पष्ट येते आणि पाय फासटतात. आमच्या क्रीडाशिक्षक सरांना मुलींची पावले पाहावयाची होती. बसलेल्या मुली खो मिळताच उठतात तेव्हा पाय मधल्या पाटीत पडतो की काय, हे त्यांना दाखवायचे होते. आणि मला हवा होता आईसाठी बहिणीचा चेहरा. एकाच फितीत दोन्ही मिळत नाही. म्हणून पहिला डाव मी स्थिर कॅमेऱ्याने घेत असे आणि दुसरा फिरत्या कॅमेऱ्याने.

फिरत्या कॅमेऱ्याचे तंत्र एस.टी.च्या खिडकीत बसून शिकता येते. रस्त्याकडेची बाभूळ सपकन मागे जाते, तर लांबचा डोंगर बराच वेळ बरोबर चालत राहतो. वेग सारखाच, पण अंतर वेगळे. पाच मीटरवरून एखादी मुलगी समोरून आडवी धावली तर तिला पकडण्यासाठी आपल्याला सेकंदात सुमारे सत्तावन्न अंश वळावे लागते. वीस मीटरवर उभे राहिले तर चौदाच अंश. पण लांब उभे राहून झूमने तिला पूर्वीइतकेच मोठे केले तर फायदा पुष्कळसा निघून जातो, कारण झूम वेगही मोठा करतो आणि हाताचे थरथरणेही. लोक येथेच फसतात. लांब उभे राहावे आणि मूल चौकटीच्या निम्म्या उंचीचेच ठेवावे, पुढे धावायला जागा सोडावी. नाक चौकटीच्या कडेला घासत धावणारे मूल भिंतीवर आपटणार असे पाहणाऱ्याला वाटते. एक डोळा कॅमेऱ्याला आणि दुसरा उघडा ठेवावा, म्हणजे चौकटीबाहेरून कोण येते आहे ते आधी कळते.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे मुले आपल्याकडे धावत येतील अशी जागा धरणे. समोरून येणारे मूल आडवे सरकत नाही, नुसते मोठे होत जाते, त्यामुळे फासटणे फारच कमी. अडचण येते ती फोकसची. स्वयंचलित फोकस चौकटीच्या मध्यभागी काय आहे ते चाचपत असतो. मूल क्षणभर मध्यातून निसटले की तो मागच्या कुंपणावर जाऊन बसतो आणि परत येईतो मूल गेलेले असते. यावर उपाय असा की झूम पूर्ण मागे घ्यावा आणि फोकस हाताने ठराविक अंतरावर बांधून टाकावा. घरगुती कॅमेऱ्यात चित्र पकडणारी चकती नखाएवढी असते. त्यामुळे झूम मागे घेतला की पुढचे-मागचे बरेचसे आपोआप स्पष्ट येते. मोठ्या, महागड्या कॅमेऱ्यांना हे इतक्या सहज जमत नाही. गरिबाच्या यंत्राचा एक तरी फायदा!

आता खो-खोबद्दल. हा खेळ चित्रित करणे हीच मोठी परीक्षा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली याचे नियम बांधले. नऊ जणींपैकी आठ जणी दोन खांबांमधल्या पाटीवर एकीआड एक उलट तोंडे करून बसतात, आणि एक पाठलाग करते. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तिला वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र साऱ्या दिशा मोकळ्या. कॅमेरा धरणाराने आपण पाठलाग करणारी आहोत असे समजावे, म्हणजे सुरेख जमते. एकदा डावीकडून उजवीकडे निघालो की तसेच जावे, मध्येच मागे वळू नये. नवखा माणूस पळणारीच्या मागे कॅमेरा नागमोडी फिरवतो आणि पाहणाऱ्याला भोवळ येते. ती वळली तर वळू द्यावी, चौकटीबाहेर जाऊ द्यावी. ती परत येतेच. मुलांना चौकटीत येऊ-जाऊ द्यावे, हे मी खो-खोवरून शिकले आणि अंगणातल्या लपंडावालाही ते तितकेच लागू पडते.

या खेळात कानही कामास येतो. खो मिळतो तो पाठीमागून, आणि खणखणीत आवाजात. डोळ्याने नवी पाठलाग करणारी उठलेली दिसण्याआधी “खो” ऐकू येतो, आणि त्या आवाजावर कॅमेरा वळवायला सुरुवात केली की वेळ गाठता येते. वीस मीटरवरून आवाज यायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, तेवढी उसनवारी चालते. म्हणून कॅमेरा धरणाराने कानात इअरफोन घालून उभे राहू नये. शेजारच्या बाईशी गप्पाही मारू नयेत, त्या सगळ्या फितीत उतरतात. आमच्या फितीत एका मावशींनी कोणाच्या तरी सुनेबद्दल जे सांगितले ते सारे आले आहे. ते मी पुढे ध्वनी बंद करून दाखविते.

उंची हा आणखी एक मुद्दा. मोठ्या माणसाने उभ्याने चित्रण केले की मुलांचे केस आणि टाळूच दिसते, आणि धावण्याचा वेग निम्मा झाल्यासारखा वाटतो. कॅमेरा मुलांच्या छातीच्या उंचीवर आणावा. पाटीवरच्या मुलींसारखे उकिडवे बसावे आणि पडदा वर उघडून त्यात पाहावे. जमीन चौकटीत आली, मागे उडणारी धूळ आली, की वेग दिसू लागतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर हिटलरच्या राजवटीसाठी लेनी रीफेनस्टाल हिने जो चित्रपट केला, त्याचा हेतू प्रचाराचा होता हे खरेच. परंतु धावपटू खालून दिसावेत म्हणून तिने मैदानात खड्डे खणून त्यांत कॅमेरे बसविले होते, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. वऱ्हाडातली पोरे आणि ते खड्ड्यातले कॅमेरे एका गावात होते, ही कल्पना मला फार आवडते.

हात स्थिर राहण्यासाठी तिपाई उत्तम, पण कॅमेरा गुळगुळीत फिरवणारी चांगली तिपाई महाग पडते. त्याऐवजी ज्वारीने अर्धी भरलेली कापडी पिशवी कुंपणाच्या भिंतीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवावा. तो घट्टही राहतो आणि वळवताही येतो. किंवा कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या स्क्रूला सुतळी बांधून तिचे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा. ही युक्ती काकांची. त्यांनी वीस वर्षे वरातीचे चित्रण यावरच केले.

माझ्या वर्गमैत्रिणी विचारतात, आता मोबाइल असताना हा ठोकळा कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाइलचे चित्र अधिक बारीक असते. सेकंदाला साठ, कित्येकांत दोनशेचाळीस चित्रेही घेता येतात आणि उडी संथपणे पाहता येते. वर सांगितलेले उजेडाचे, उंचीचे, जागेचे सारे नियम मोबाइललाही लागू आहेत. पण एका बाबतीत हा ठोकळा सरस ठरतो. मोबाइलची चकती चित्र एकदम घेत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचत जाते. मोबाइल जोरात फिरवला की वरची ओळ वाचताना खांब जेथे होता, खालची ओळ वाचेपर्यंत तेथे राहत नाही. परिणामी खो-खोचा सरळ खांब वाकडा दिसतो आणि धावणारी मुलगी तिरकी. जुन्या कॅमकॉर्डरची चकती वेगळ्या जातीची, सारे चित्र एका क्षणी पकडणारी. आमच्या फितीत खांब ताठ उभे आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. ते सामने दूरचित्रवाणीवर अनेक कॅमेऱ्यांनी दाखविले. पण तालुक्याच्या मैदानावर धावणाऱ्या मुलीसाठी कोणी कॅमेरा लावीत नाही, तिच्यासाठी घरच्यांनीच उभे राहायचे असते.

एक गोष्ट मात्र पाळावी. मुलांचे, विशेषतः मुलींचे, चित्रण घेताना त्यांच्या घरच्यांना विचारावे आणि ते वाटत सुटू नये. गावातल्या काही मोठ्या मुलांनी फीत मोबाइलवर घालून मागितली होती. सरांनी स्पष्ट नाही म्हटले, आणि ते योग्यच केले.

पाडव्याला आई-बाबा आले. कॅमेऱ्याची पिवळी, पांढरी आणि लाल वायर जुन्या टीव्हीला जोडली. पहिल्या डावात आई नुसतीच शोधत होती, “आपली कोन्ती वं त्यातली?” दुसऱ्या डावात बहीण खांबाला हात लावून एकदम उलटी फिरली आणि पाठलाग करणारी पुढे निघून गेली, तेव्हा आई म्हणाली, “माय माय, वारं पेल्यावानी पयते पोट्टी!” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ती जागा तीनदा मागे घ्यायला लावली. मग सरांचा फोन नंबर मागितला, आणि वसतिगृहाचा खर्च वर्षाला किती, हे दोन वेळा विचारले. अजून पक्के काही ठरलेले नाही. अर्ज मात्र भरला आहे.

राहता राहिली टेपची निगा. मिनी-डीव्ही टेप सहा मिलिमीटरहून थोडी रुंद आणि अतिशय पातळ असते. एका तासाच्या टेपवर सुमारे तेरा जीबी एवढी माहिती असते. ओल आणि उष्णता हे तिचे शत्रू, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. पत्र्याच्या घरात तर विचारूच नये. टेप खराब होऊ लागली की चित्रात लहान लहान चौकोन उमटतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. म्हणून टेप पूर्ण मागे गुंडाळून, डबीत, उभी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर संगणकावर उतरवून घ्यावी. उतरवायला लागते ती केबल नव्या संगणकांना बसत नाही. आमच्या स्टुडिओत एक जुना संगणक त्यासाठीच राखला आहे. एका तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो, घाई करता येत नाही. माझ्या सातपैकी चार उतरवून झाल्या आहेत. उरलेल्या तीन पाण्याच्या माठाशेजारी न ठेवता धान्याच्या कोठीमागे, सावलीच्या बाजूला ठेवल्या आहेत. परीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी काकांनी संगणक मोकळा ठेवण्याचे कबूल केले आहे.